मेंदीखालचे हात

बुखारा, ११ ऑक्टोबर

रोबिया,

सलाम. तू बरी असशील, घरातले सगळे बरे असतील. तुझ्या लेकीचा, मुनिसाचा सुहरोब तर बराच असणार, कारण तीन वर्षांचं पोरगं बरं असलं की बाकीचं घर आजारी दिसतं. मीही बरी आहे. अंगणातल्या डाळिंबाला यंदा इतकी फळं आली आहेत की फांदीला टेकू द्यावा लागला. पाच डाळिंबं पाठवते आहे. नसीम-अकांनी वाटेत एखादं खाल्लं तर चार मिळतील.

पत्र त्यांच्याच टॅक्सीतून पाठवते, कारण फोन तू उचलत नाहीस. माझं नाव दिसलं की फोन पालथा घालून ठेवतेस, असं मुनिसाकडून कळलं. तिला रागावू नकोस, मीच खोदून विचारलं. हे पत्रही पालथं घालशील, म्हणून मागच्या बाजूलाही लिहिलं आहे.

कामाचं म्हणशील तर मखमलीवर जरीकाम करणाऱ्या पोरी आता माझ्याकडे सहा आहेत. मी कापड ताणायच्या चौकटीपाशी बसून फक्त नक्षी आखते आणि ओरडते. टाके त्या घालतात. लोक म्हणतात, होसियत आता मालकीण झाली, सुईला हात लावत नाही. म्हणू देत.

हल्ली आठवड्यातून तीनदा दवाखान्यात जाते. काळजीचं काही नाही, गुडघा आहे. शेक देतात. तिथे एक गंमतच आहे. हातापायांच्या जुन्या त्वचारोगासाठी दोन पेट्या ठेवल्या आहेत, एक टेबलावर, एक जमिनीवर. आधी औषध घातलेल्या कोमट पाण्यात पंधरा मिनिटं हातपाय बुडवून बसायचं. मग ते पुसायचे, डोळ्यांना काळा चष्मा लावायचा आणि वरच्या पेटीत हात, खालच्या पेटीत पाय. आतल्या नळ्या जांभळट उजळतात. पहिल्या दिवशी जेमतेम अर्धं मिनिट, मग दर खेपेला थोडं थोडं वाढवत नेतात. बाहेर पडताना हातमोजे घालायचे, कारण त्या दिवशी हातांना ऊन सोसत नाही. मी आपली बघत बसते.

तिथे उस्ता हैदर नावाचे तांबट येतात. सत्तरीचे आहेत. त्यांच्या तळपायांना वीस वर्षं भेगा होत्या. काळा चष्मा लावून, पाय पेटीत घालून बसतात आणि म्हणतात, "सगळे लोक उन्हाळ्यात समुद्रावर जातात, मी माझ्या पायांना एकट्यांनाच पाठवतो." सबोहत म्हणून नर्स आहे, पंचविशीची, तोंडाला कुलूप नाही. ती म्हणते, "हलू नका उस्ता, नाहीतर पाय समुद्रात आणि घोटा वाळवंटात राहील." खूप हसतो आम्ही. म्हणजे ते हसतात, आणि मी गुडघा धरून.

रोबिया, मुनिसाला मार्चमध्ये दुसरं बाळ होणार, हे मला ऑगस्टमध्येच कळलं. फोनवर सांगताना ती हसत होती आणि मी रडत होते. या बाळाला पहिल्यांदा पाळण्यात घालून पट्ट्यांनी कोण बांधणार? ऐकलं की मुनिसाच्या सासूची मावशी बांधणार. बाई चांगली आहे, पण तिला स्वतःच्या बुटाची नाडी नीट बांधता येत नाही. आपल्या घरात हे काम थोरलीचं. बीबीनं, म्हणजे आजीनं, आईला बांधलं, आईनं आपल्याला आणि आपल्या सगळ्या लेकरांना. आईनंतर मी थोरली.

तुझ्या दोन तक्रारी आहेत, दोन्ही मला पाठ आहेत. एक, आई गेल्याच्या चाळिसाव्या दिवशी मी हाताला मेंदी लावून आले. अख्खी गल्ली काळ्यानिळ्या कपड्यांत आणि मयताची थोरली लेक नवरीसारखे हात घेऊन बसलेली. दुसरी, सुहरोबच्या वेळी पंचवीस बायकांच्या देखत तू बाळ माझ्यासमोर धरलंस, "आपा, बांधा" म्हणालीस, आणि मी हात पाठीमागे घेऊन म्हटलं, "मला उशीर होतोय, मखमल चौकटीवर ताणून ठेवलीय." आणि उठून गेले. थोरलीनं पाळण्याला नकार दिला तर बाळाला अपशकुन, हे मलाही माहीत होतं. त्या आठवड्यात त्याला ताप आला आणि तू म्हणालीस, आजपासून मला बहीण नाही.

दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. उत्तर आज लिहिणार नाही. डाळिंबं खा.

तुझी मानशील तर आपा,
होसियत


बुखारा, १९ डिसेंबर

रोबिया,

सलाम. डाळिंबं तू परत पाठवली नाहीस, नसीम-अका म्हणाले. पत्र घेतलंस, हेही म्हणाले. मी त्यांना तीनदा विचारलं, चेहरा कसा होता? ते म्हणाले, "बाई, मी गाडी चालवतो, चेहरे वाचत नाही."

गुडघा खोटा होता.

आता एका दमात लिहिते, नाहीतर पुन्हा डाळिंबांकडे वळेन. आई आजारी होती त्या हिवाळ्यात माझ्या तळहातांवर आणि तळपायांवर लाल चट्टे आले. वर पांढरे पापुद्रे, मध्ये भेगा. भाकरीचा तुकडा मोडला तरी रक्त यायचं. मी म्हटलं, आईची धुणी धुतेय, साबणानं झालं असेल. आई गेली, धुणी संपली, चट्टे राहिले. बोटं इतकी खरखरीत झाली की रेशीम अडकायचं. मखमलीवरून हात फिरवला की धागा ओढला जायचा. मी, होसियत, जिच्या हाताखालची मखमल लोक गालाला लावून बघायचे.

एक दिवस एका नवरीची आई काम बघायला आली. माझा हात कापडावर होता. तिनं कापड माझ्या हाताखालून ओढून घेतलं आणि म्हणाली, "या हातांनी माझ्या मुलीचा झगा शिवणार? पोरीला काही लागलं म्हणजे?" तिथे माझ्या चार पोरी बसल्या होत्या. मी म्हटलं, भाजलंय, बरं होईल. त्या संध्याकाळी मेंदी भिजवली.

मेंदीखाली चट्टा दिसत नाही. लाल रंगात लाल लपतो. म्हातारी बाई तळहाताला मेंदी लावते, त्यात कोणाला काही वाटत नाही. मग दर गुरुवारी संध्याकाळी लावायला लागले, तळपायांना सोडून, कारण पाय कोण बघतं? आईच्या चाळिसाव्याच्या दिवशी दोनच गोष्टी शक्य होत्या. मेंदीचे हात घेऊन यावं आणि निर्लज्ज ठरावं, किंवा खरे हात घेऊन यावं आणि सगळ्यांच्या ताटातलं अन्न परत जावं. पुलावाचं ताट मी वाढणार होते ना. मी निर्लज्ज ठरले. तुझ्या डोळ्यांत ते दिसलं आणि मी मान खाली घातली. तुला वाटलं लाजेनं घातली. लाजेनंच, पण वेगळ्या.

आणि पाळण्याचा दिवस. मी बांधायलाच आले होते, खोटं सांगत नाही. पण तू बाळ पुढे धरलंस आणि त्याचं ते कपाळ दिसलं. नऊ दिवसांचं पोर, कपाळाची कातडी सायीसारखी. माझ्या भेगा त्या सकाळीच उकलल्या होत्या. त्या बाईचं बोलणं कानात वाजलं, पोरीला काही लागलं म्हणजे. मी म्हटलं, माझं काहीही होवो, याला लागायला नको. तोंडातून जे पहिलं आलं ते मखमलीचं आलं. आम्हा धंदेवाल्या बायकांना खोटंसुद्धा धंद्याचंच सुचतं.

तुला खरं का नाही सांगितलं? आपलं पोट हातांवर आहे. एका कानातून दुसऱ्या कानात गेलं असतं की होसियतचे हात सडले, तर एकही नवरी आली नसती. ही एक गोष्ट. दुसरी अशी की तू लहान, मी मोठी. लहान बहिणीपुढे हात उघडायची मला सवय नाही.

ऑगस्टमध्ये मुनिसाचा फोन आला आणि दुसऱ्या आठवड्यात मी दवाखान्यात गेले. डॉक्टरीणबाईंनी हात बघितले, पाय बघितले, कोपर बघितलं. म्हणाल्या, सोरायसिस आहे. मी विचारलं, लहान मुलाला लागेल का? त्या काहीतरी लिहीत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "नाही हो, हा कोणाचा कोणाला लागतच नाही." आणि जांभई दिली. रोबिया, माझी तीन वर्षं त्या बाईंनी एका जांभईत काढून टाकली. मी बाहेर येऊन बाकावर बसले आणि आधी रडले, मग हसले. शेजारची म्हातारी दुसऱ्या बाकावर जाऊन बसली.

आता गंमत ऐक. पेटीत हात आणि पाय दोन्ही माझेच. महिन्याभरात तळपाय मऊ व्हायला लागले. दोन महिन्यांत टाच अशी झाली की मी घरात अनवाणी चालत होते आणि सून म्हणत होती, "आई, फरशी गार आहे," मी म्हणत होते, "म्हणून तर." पण हात जसेच्या तसे. सबोहत वैतागली.

"आपा, हे पाय कोणाचे आणि हात कोणाचे?" म्हणाली. "पाय ऐकतात, हात ऐकत नाहीत."

"हात माझ्यावर गेलेत," मी म्हटलं.

उस्ता हैदर स्टुलावर पाय पुसत बसले होते. म्हणाले, "बाई, ही मेंदी कुठल्या लग्नाची?"

"जावेच्या मुलीच्या."

"मागल्या आठवड्यातली?"

"नणंदेच्या नातीच्या."

"तीन महिन्यांत तुम्ही डझनभर लग्नं जेवलात, आणि अंगाला काही लागलेलं दिसत नाही." मग त्यांनी चष्मा काढला. "मी तबकावर नक्षी करतो तेव्हा जिथे तेजाबानं खायला नको तिथे मेण लावतो. मेणाखालचं तांबं वर्षभर बुडवलं तरी तसंच राहतं. तुम्ही तळहाताला मेण फासून बसलायत, आणि ही पोरगी वरून उजेड ओततेय."

सबोहतचा चेहरा बघायला हवा होतास. "मी पहिल्याच दिवशी विचारलं होतं की नाही, हाताला काही लावता का म्हणून?"

"काही नाही लावत. तेल नाही, मलम नाही."

"आणि ही?"

"मेंदी म्हणजे काय लावणं झालं का?"

खरंच सांगते, मी तिला फसवत नव्हते. इतकी वर्षं झाली होती की मेंदी म्हणजेच माझा हात, असं मला वाटायला लागलं होतं. सबोहत कपाळाला हात लावून म्हणाली, "मला वाटलं जुनी आहे, उतरेल. लग्नसराईत बुखाऱ्यात कुणाच्या हाताला मेंदी नसते?" डॉक्टरीणबाई आल्या, त्यांनी उस्तांना म्हटलं की बरोबर ओळखलंत, मेंदी हा उजेड अडवते. आणि मला म्हणाल्या, "निवडा. लपवायचं की बरं व्हायचं. दोन्ही एकदम होणार नाही."

त्या गुरुवारी मेंदी भिजवली नाही. रंग उतरायला तीन आठवडे लागले. एक एक थर जाऊ लागला आणि खालचं सगळं वर आलं. पोरींना कारखान्यात बसवून मी हात दाखवले. म्हटलं, हे असं आहे, लागत नाही, ज्यांना जायचं त्यांनी जावं. कोणी गेलं नाही. सगळ्यांत धाकटी म्हणाली, "आपा, आम्हाला दोन वर्षांपासून माहीत आहे. तुम्ही चौकटीवर हात टेकता तिथे कोंडा पडतो." म्हणजे मी जगापासून लपवत होते आणि जग झाडून घेत होतं.

मार्चपर्यंत हात होतील की नाही, सबोहतसुद्धा सांगत नाही. बरे झाले तरी पुन्हा येऊ शकतं, हेही ती लपवत नाही. मी पाळणा मागत नाही. मागायचा हक्क मी उठून गेले तेव्हाच गेला. फक्त तू हे जाणून राग धर. न जाणता धरलेला राग तुलाही जड झाला असेल.

तुझी आपा,
जिनं हात पाठीमागे घेतले


बुखारा, २८ मार्च

माझ्या रोबिया,

मुलगी झाली हे मुनिसानं कळवलं, वजन कळवलं, नाक कोणासारखं तेही कळवलं. नाक आईसारखं असेल तर देवच तिला वाचवो, पण नजर आईसारखी असेल तर बाकीच्यांना वाचवो. मी सगळ्या गल्लीत खडीसाखर वाटली. उस्ता हैदरना दवाखान्यातच दिली, त्यांनी पाय पेटीत ठेवूनच खाल्ली.

काल दुपारी फाटकाशी भोंगा वाजला. नसीम-अका कधी उतरत नाहीत, काल उतरले. हातात गाठोडं होतं. म्हणाले, "तुमच्या बहिणीनं दिलंय आणि निरोपही दिलाय. निरोप मी रस्ताभर घोकत आलोय, आधी तो ऐका, नाहीतर विसरेन." आणि शाळेतल्या पोरासारखे ताठ उभे राहून म्हणाले:

"आपांना सांगा, मी मूर्ख आहे. त्यांनी आयुष्यात कधी मेंदी लावली नव्हती, स्वतःच्या लग्नातसुद्धा रडून रडून एका बोटाला लावून घेतली होती. आईच्या चाळिसाव्याला ती दिसली तेव्हाच मला विचारायला हवं होतं की काय झालं. मी विचारलं नाही, मी रागावले. आणि आपांना सांगा, हात बरे झाले असतील तर आनंद आहे. नसतील झाले तर तेच घेऊन या."

मग नसीम-अका म्हणाले, "बरोबर म्हटलं ना?" मी म्हटलं, बरोबर. ते म्हणाले, "चेहरे मी वाचत नाही, पण तुमचा आत्ता कोणीही वाचेल." आणि चहा न पिता निघून गेले.

गाठोडं मी ओट्यावर बसून सोडलं. आईचे पाळण्याचे पट्टे. ज्यांनी तिनं तुला बांधलं, मला बांधलं. कडा विरल्या आहेत, पण मधला टाका आईचाच, तिचा तो तिरका टाका मी अंधारातही ओळखेन. आणि सोबत तू नवी जांभळी मखमल पाठवलीस, कडांना लावायला. रोबिया, मखमल कोणाला पाठवतात? ज्याचे हात चालतात त्याला. तू न बघताच माझ्या हातांवर विश्वास टाकलास.

तर आता हातांचं ऐक. डावा साफ झाला. उजवाही झाला, अंगठ्याखालचा एक डाग सोडून. तो जर्दाळूच्या बीएवढा आहे आणि हटून बसला आहे. सबोहत म्हणाली, "राहू दे आपा, तुमच्या घराण्याचा स्वभाव आहे." तिला आपल्या घराण्याचं कसं कळलं कोण जाणे. मी बोलते जरा जास्त. शेवटच्या दिवशी उस्ता हैदरनी मला एक वाटी दिली, तांब्याची, आतल्या बाजूला डाळिंब कोरलेलं. म्हणाले, यात मेंदी भिजवू नका. सबोहतनं माझे दोन्ही हात धरले, हातमोज्याशिवाय, आणि उलटसुलट करून बघितले. नवरी बघायला येतात तसे. मग तिनं ते आपल्या गालाला लावले. पूर्वी लोक माझी मखमल गालाला लावायचे.

काल संध्याकाळपर्यंत मी मखमल कापून पट्ट्यांना लावली. साडेतीन वर्षांनी सुई हातात घेतली. पहिला टाका उसवून पुन्हा घातला. दुसरा उसवावा लागला नाही. रेशीम एकदाही अडकलं नाही. पोरी बाजूला उभ्या राहून बघत होत्या, आणि धाकटी म्हणाली, "आपा, टाका जरा तिरका येतोय." मी म्हटलं, येऊ दे, तो तिरकाच येतो.

शनिवारी, चार तारखेला येते. नसीम-अकांना पुढची जागा सांगून ठेवली आहे. उजव्या हाताचा डाग दिसेल, सगळ्यांना दिसेल. कोणी विचारलं तर मी सांगेन, हा सोरायसिस आहे आणि हा कोणाला लागत नाही, आणि मग त्यांनी पुलाव खावा. पुढे कधी पुन्हा हात बिघडले, तर पहिलं पत्र तुला लिहीन. मेंदी भिजवणार नाही.

तुला आठवतं ना, बाळाला पाळण्यात घालण्याआधी आई काय करायची? मुद्दाम उलटं ठेवायची, उशीकडे पाय आणि पायथ्याला डोकं. आणि भोळा चेहरा करून सगळ्या बायकांना विचारायची, "असं?" आणि सगळ्या ओरडायच्या, "नाही, नाही, असं नाही." आपण दोघी खांबाला धरून सगळ्यांत मोठ्यानं ओरडायचो. एकदा तू इतक्या जोरात ओरडलीस की बाळ दचकून जागं झालं आणि आईनं तुला बाहेर काढलं. तू बाहेरूनही ओरडलीस.

सुहरोबच्या वेळी मी विचारलंच नाही. शनिवारी तुझ्या नातीला उलटं धरून विचारणार आहे. पंचवीस बायका असतील, पण मी उत्तर तुझ्या तोंडून आल्याशिवाय बाळ सुलटं करणार नाही.

घसा साफ करून ठेव.

अंगठ्याखालच्या डागासकट, उघड्या हातांनी येणारी,
तुझी आपा